जुन्या फर्निचरवर स्टेन्सिलची नक्षी: रंग कडेखाली शिरू न देता

जुनं फर्निचर घेताना ओरखडे, कळकट पॉलिश यांच्याकडे बघत बसू नका, ते झाकलंच जाणार आहे. खण ओढून पाहा, पाय हलवून पाहा. बारीक भोकं आणि त्यातून गळणारा पिठासारखा भुसा दिसला, तर फुकट मिळालं तरी नको.

घरी आणल्यावर मुठी काढा, साबणाच्या पाण्याने तेलकटपणा घालवा, खड्ड्यांत लांबी (पुट्टी) भरा. मग 180 नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, प्रायमर (रंग धरून ठेवणारा पहिला थर) द्या आणि वर रंगाचे दोन पातळ हात. जुनं पॉलिश पार खरवडून लाकूड उघडं पाडा, असं सर्रास सांगतात. वर रंगच द्यायचा असेल तर ही फुकटची हमाली आहे. पॉलिश घट्ट धरून असेल तर नुसती चमक गेली की पुरे. मात्र पापुद्रे सुटलेला फार जुना ऑइलपेंट कोरडा घासू नका. त्यात शिसं असू शकतं आणि ती धूळ विषारी असते.

आता नक्षी. स्टेन्सिल म्हणजे नक्षी कापून काढलेला पातळ पत्रा. तो ठेवून वरून रंग दिला की नक्षी उमटते, पण रंग त्याच्या कडेखाली शिरला की ती फिसकटते. यात मीही बरेच दिवस अडखळले, कारण टेप घट्ट लावा, स्टेन्सिल चिकटवून टाका, हेच जो तो सांगायचा. दोष टेपचा नसतोच. ब्रशवर रंग जास्त असतो, आणि ओला रंग कडेखालच्या फटीत आपसूक ओढला जातो. रंगात पाणी घालून पातळ करा म्हणणाऱ्यांचं तर अजिबात ऐकू नका. पातळ रंग आणखी लवकर आत शिरतो.

आखूड, राठ केसांचा, सपाट टोकाचा ब्रश घ्या. फक्त टोकं रंगात टेकवा आणि मग जुन्या सुती फडक्यावर गोल गोल घासत राहा. आता ब्रशवर काही उरलंच नाही असं वाटलं की कागदावर टेकवून पाहा. पावडर उठल्यासारखा कोरडा ठसा आला पाहिजे. त्याच्या कडेला ओली रेघ दिसली तर पुन्हा फडक्यावर घासा.

ब्रश उभा धरून ठोके द्या, स्टेन्सिलच्या कडेकडून आतल्या बाजूला. फराटा मारलात की केस कडेखाली घुसलेच. पहिला हात फिकट, अपुरा दिसेल आणि ब्रश पुन्हा बुडवायचा मोह होईल. तो आवरा. चार-पाच मिनिटं थांबून दुसरा हात, हवा तर तिसरा. स्टेन्सिल सरळ वर उचला आणि पुढच्या जागी ठेवण्याआधी त्याची खालची बाजू पुसून कोरडी करा. नक्षीची सुरुवात फळीच्या मध्यापासून करा. कोपऱ्यापासून निघालात तर दुसऱ्या टोकाला अर्धं फूल उरतं.

सरळ पट्टे काढायचे असतील तर मास्किंग टेप लावा आणि तिच्या कडेवर आधी खालचाच, म्हणजे फर्निचरला दिलेला रंग फिरवा. जो काही आत शिरायचा तो त्याच रंगाचा शिरतो आणि फट बुजते. तो वाळल्यावर पट्ट्याचा रंग द्या आणि शेवटचा हात किंचित ओला असतानाच टेप सोडवा.

एवढं करूनही कुठे रंग पसरला तर ओला असताना पुसू नका, डाग वाढतो. वाळू द्या आणि बारीक ब्रशने त्यावर खालचा रंग लावा. त्यासाठी तो रंग झाकणाच्या बाटलीत थोडा राखून ठेवा. नंतर मिसळून तीच छटा क्वचितच जुळते.

विकतची स्टेन्सिल लागत नाहीत. जाड पारदर्शक प्लास्टिकवर कटरने हवी ती नक्षी कापता येते, फक्त मधले तुकडे सुटू नयेत म्हणून जोडपट्ट्या ठेवा. नक्षीला रंगही उरलासुरला चालतो. वाचलेले पैसे प्रायमरवर घाला.

एक दिवस वाळू दिल्यावर पाण्यात मिसळणाऱ्या पारदर्शक वार्निशचे दोन हात द्या. ऑइलचं वार्निश पांढऱ्यावर कालांतराने पिवळं पडतं. हाताला कोरडं लागलं तरी रंग पुरता टणक व्हायला दोन ते चार आठवडे जातात. तोवर वर जड काही ठेवू नका आणि ओल्या फडक्याने पुसू नका.