रेटिनोस्कोपीच्या पहिल्या प्रॅक्टिकलआधी: दोरी घेतली का?

रेटिनोस्कोपी म्हणजे डोळ्यात प्रकाशाची पट्टी फिरवून, परत येणाऱ्या चकाकीच्या आणि तिच्या कडेच्या सावलीच्या हालचालीवरून चष्म्याचा नंबर काढणं. ती विद्यार्थ्यांना शिकवणार असाल तर सगळ्यात आधी दोरी. न ताणली जाणारी सुतळी घ्या, 67 सेंटिमीटरवर घट्ट गाठ मारा आणि तपासणारा आणि समोरचा यांच्यातलं अंतर मोजायला प्रत्येक जोडीला एक द्या. बाकी काही विसरलात तर निभावेल, ही विसरू नका.

मागच्या वेळी मी विसरले. खोली लहान, स्टुलं सवयीने जवळ मांडलेली. मी सांगत राहिले, "अंतर 67, दीड वजा करा." (सापडलेल्या लेन्सच्या आकड्यातून 1 भागिले मीटरमधलं अंतर वजा करतात; एकक डायऑप्टर, म्हणजे लेन्सची ताकद.) मुलं प्रत्यक्षात 50 सेंटिमीटरवर बसली होती, म्हणजे वजा करायला हवे होते दोन डायऑप्टर. सगळ्यांची उत्तरं अर्ध्या डायऑप्टरने प्लसकडे सरकली. उणे दोनचा डोळा उणे दीड यायला लागला. मी आधी लेन्सच्या पेटीवर संशय घेतला, मग मुलांवर. एका मुलीला तीनदा परत करायला लावलं. न्यूट्रल (ज्या लेन्सला चकाकीची हालचाल थांबते ते) तिला तिन्ही वेळा बरोबर सापडलं होतं, तरी शेवटी तिचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडाला. ते मला अजून लागतं.

चार्जिंग, जादा बल्ब, पुसायचं कापड हे सांगायला नको. ट्रायल सेट (तपासणीच्या लेन्सची पेटी) मात्र आदल्या दिवशी उघडा. आधीच्या बॅचने लेन्स भलत्या खाचांत ठेवलेल्या असतात. निदान अर्ध्यापासून तीनपर्यंतच्या प्लस-मायनस लेन्सोमीटरवर (लेन्सचा नंबर मोजणाऱ्या यंत्रावर) तपासा. रेटिनोस्कोपची स्लीव्हही (दांड्यावरची वर-खाली सरकणारी नळी) बघा. काही कंपन्यांच्या रेटिनोस्कोपमध्ये ती वर असताना प्लेन मिररचा (सपाट आरशाचा, आपल्याला हवा तो) परिणाम मिळतो, काहींत खाली असताना. उलट बाजूला राहिली तर 'विथ'चं (चकाकी पट्टीबरोबर सरकते) 'अगेन्स्ट' (उलट सरकते) दिसतं आणि मूल तासभर चुकीच्या लेन्स घालत बसतं. दोन कंपन्यांची उपकरणं असतील तर प्रत्येकावर रंगीत पट्टी चिकटवा.

खोली मंद हवी, मिट्ट काळोख नको, लेन्सवरचे आकडे वाचता आले पाहिजेत. बघायचं लक्ष्य 6 मीटरवर. समोरचा रेटिनोस्कोपच्या दिव्याकडे बघू लागला की अकोमोडेशन (जवळचं बघायला डोळ्याने आपोआप फोकस बदलणं) जागं होतं आणि मायनस वाढतो. उजवा डोळा उजव्या डोळ्यानेच तपासायचा, नाहीतर तपासणाऱ्याचं डोकंच लक्ष्याच्या आड येतं.

पहिला अर्धा तास मॉडेल आयवर (सरावाच्या कृत्रिम डोळ्यावर) द्या, वर्गमित्रावर नको. ते पापणी मिटत नाही, अकोमोडेट करत नाही. त्याच्या पट्टीवरचा नंबर कागदाने झाका, कारण आकडा दिसला की मुलांना सावलीही तशीच दिसायला लागते. आणि इथेही दोरी! समोर माणसाचा चेहरा नसला की मुलं नकळत पुढे झुकतात. दोरी डोळ्यापुढच्या लेन्सपासून धरायची, टेबलाच्या कडेपासून नव्हे.

शिकवताना वैद्यकीय कौशल्यं शिकवण्याच्या पेटन यांच्या चार पायऱ्या मला पटतात: आधी गप्प राहून नेहमीच्या वेगाने करून दाखवा, मग सावकाश समजावून, मग विद्यार्थ्याने सांगायचं आणि तुम्ही करायचं, शेवटी त्याने करायचं. घाईत तिसरी पायरी गाळली जाते. गाळू नका, गोंधळ तिथेच कानावर पडतो.

दर दहा मिनिटांनी फिरा आणि दोरी ताणून बघा. 67 वरून दहा सेंटिमीटर पुढे सरकलं तर पाव डायऑप्टरची चूक, 50 वरून सरकलं तर अर्ध्याची. हात आखूड असणाऱ्यांना 50 वर बसू द्या, फक्त त्यांची गाठ वेगळी मारा आणि कागदावर सर्वात वर "अंतर 50, वजा 2" असं लिहून घ्या. अंतर लिहिलेलं नसेल तर उत्तर तपासूच नका.

सिलिंडर (वेगवेगळ्या दिशांना वेगळा नंबर) पहिल्या दिवशी नाही. कॉन्टॅक्ट लेन्स काढायला सांगा. वजा करण्याआधीचा आकडा आणि नंतरचा, दोन वेगळे रकाने. फ्रेम पुसा, लेन्स मोजून पेटीत. दोऱ्या परत घ्या आणि गाठी सरकल्यात का ते पट्टीवर धरून बघा.