डबल बेल आणि पावलॉवचा कुत्रा : पहिल्या वर्षाचं मानसशास्त्र कसं वाचावं

मी एसटीत कंडक्टर आहे, सातारा–स्वारगेट. चाळिशीनंतर बहिःस्थ बी.ए.ला नाव घातलं आणि विषय घेतला मानसशास्त्र. डेपोत कळल्यावर आमचे ड्रायव्हर काका म्हणाले, "ताई, मग सांगा माझ्या मनात आत्ता काय आहे." तुम्ही हा विषय घेणार असाल तर हे वाक्य पन्नासदा ऐकायची तयारी ठेवा. पहिल्या वर्षाच्या पुस्तकात मन ओळखण्याबद्दल एक ओळही नाही. आहेत त्या संज्ञा, ढीगभर.

त्या संज्ञा पाठ करू नका. मी पहिले दोन महिने पाठ केल्या आणि खंबाटकीचा बोगदा यायच्या आत विसरले. नंतर जे जमलं ते असं: प्रत्येक संज्ञेला आपल्या रोजच्या कामातलं एक उदाहरण शोधायचं आणि मग ते उदाहरण मोडता येतंय का ते बघायचं. यातलं दुसरं काम जास्त महत्त्वाचं. ते कसं, हे अभिसंधानावरून सांगते, म्हणजे दोन गोष्टींची जोड बसून शिकणं.

अभिजात अभिसंधान, म्हणजे क्लासिकल कंडिशनिंग. पावलॉव हा पचनक्रियेचा अभ्यासक, 1904 चं नोबेलही त्याला त्याच कामासाठी मिळालं. अन्न तोंडात पडायच्या आधीच कुत्र्यांना लाळ सुटते हे त्याच्या लक्षात आलं आणि तो तिकडे वळला. अन्नाआधी दरवेळी एखादा आवाज दिला की काही दिवसांनी नुसत्या आवाजावर लाळ सुटते. लोकांच्या डोक्यात घंटीच बसली आहे, पण त्याने ठोके देणारा मेट्रोनोमही बराच वापरला.

हे वाचलं आणि मला वाटलं, सापडलं! मी दोरी ओढते, टिंग टिंग, डबल बेल. काकांचा पाय क्लचवर जातो, गाडी सुटते. घंटी आणि प्रतिसाद, आणखी काय हवं? वहीत लिहून टाकलं. अभ्यासकेंद्रावरच्या मॅडमनी त्यावर लाल रेघ मारली आणि एकच प्रश्न लिहिला: "कुत्र्याने लाळ गाळली नसती तर अन्न मिळालं नसतं का?"

मिळालंच असतं. पावलॉवच्या कुत्र्याने काही केलं काय, न केलं काय, आवाजामागून अन्न येणारच होतं. लाळ आपोआप सुटते, कुत्रा ती ठरवून गाळत नाही. काकांचं तसं नाही. त्यांनी क्लच दाबला नाही तर गाडी जागची हलणार नाही. ते जे करतात ते स्वतः करतात आणि त्याच्या परिणामामुळे ती सवय टिकते. हे साधक अभिसंधान, म्हणजे ऑपरंट कंडिशनिंग, थॉर्नडाइक आणि स्किनर या मानसशास्त्रज्ञांची गल्ली. थॉर्नडाइकने 1898 साली पेटीत मांजरं कोंडून बघितलं: खटका दाबून सुटका झाली की ती कृती पुढच्या खेपांना लवकर होऊ लागते. माझी डबल बेल फक्त "आता केलंत तर चालेल" एवढा इशारा देते.

ही लाल रेघ मला पुस्तकाच्या वीस पानांइतकी कामाला आली. तेव्हा तुमच्या उदाहरणाला हाच प्रश्न विचारा: समोरच्याने काहीच केलं नसतं, तरी पुढची गोष्ट घडली असती का? "हो" आलं तर पावलॉव, "नाही" आलं तर स्किनर.

मग अभिजात अभिसंधानाचं खरं उदाहरण कोणतं? तेही माझ्या गाडीतच होतं, तिसऱ्या रांगेत. घाटात ज्यांना मळमळतं त्यांना पुढच्या खेपेला गाडी स्टँडवरून हलायच्या आतच, नुसत्या डिझेलच्या वासाने मळमळायला लागतं. घाटाची वळणं हे मूळ उद्दीपक, मळमळ हा मूळ प्रतिसाद, आणि डिझेलचा वास पहिल्यांदा कशाचाच नव्हता, तो वळणांशी जोडला गेला. हेच प्रवासी महिनाभर सरळ रस्त्याने गेले की वासाने होणारी मळमळ कमी होत जाते. त्याला विलोपन म्हणतात. आणि मोठ्या सुट्टीनंतर एखाद्या दिवशी ती पुन्हा उगवते, तो उत्स्फूर्त पुनरुद्भव. एका मळमळीत चार संज्ञा झाल्या. लिंबू हुंगत बसलेल्या बाईंना मी हे सांगितलं नाही, हे वेगळं.

याच प्रकरणातला गार्सिया या संशोधकाचा भाग वगळू नका. त्याने आणि केलिंगने 1966 साली उंदरांवर दाखवलं की कुठलीही गोष्ट कशाशीही सारखीच जोडली जात नाही. पाणी पिऊन मग आजार वाटला तर उंदीर त्या चवीचं पाणी टाळतो, पिताना झालेला आवाज आणि उजेड टाळत नाही. विजेचा झटका बसला तर उलटं, आवाज-उजेड टाळतो आणि चव चालते. आमच्याकडे शिरवळला भेळ खाऊन ज्याला गाडीत उलटी झाली तो पुढची दोन वर्षं भेळेचं नाव काढत नाही. हॉर्न मात्र त्याला आधीसारखाच ऐकवतो. दोष गाडीचा असला तरी शिक्षा भेळेला.

आता परत स्किनरच्या गल्लीत: ऋण प्रबलन (निगेटिव्ह रीइन्फोर्समेंट) म्हणजे शिक्षा नव्हे. ही चूक इतके जण करतात की मी ती स्वतंत्र कागदावर लिहून तिकिटांच्या ट्रेला चिकटवली होती. प्रबलन म्हटलं की कृती वाढतेच, मग धन असो की ऋण. धन म्हणजे काहीतरी मिळालं, ऋण म्हणजे नको असलेलं काहीतरी टळलं. गाडीत पोर रडतं, आई मोबाइल हातात देते, पोर गप्प. पोराला मोबाइल मिळाला, त्याचं रडणं वाढणार: धन प्रबलन. आईच्या डोक्याची कटकट गेली, तिचं मोबाइल देणं वाढणार: ऋण प्रबलन. एकाच सीटवर दोघं एकमेकांना शिकवतायत. विनातिकीट सापडल्यावर भरावा लागतो तो दंड मात्र शिक्षा, कारण तिथे कृती कमी व्हायला हवी. होते की नाही, ते मला विचारू नका.

आता स्मृती. हे प्रकरण वाचायच्या आधी घरात एक प्रयोग करा, दहा मिनिटं लागतील. कुणाला तरी पंधरा नावं सावकाश वाचून दाखवा. मी माझ्या भाचीला थांबेच वाचून दाखवले: सातारा, लिंब, आनेवाडी, उडतारे, पाचवड, भुईंज, सुरूर, खंडाळा, शिरवळ, कापूरहोळ असं करत कात्रज, स्वारगेट. तिला सुरुवातीचे आठवले, शेवटचे आठवले, मधले गेले. मग दुसरी पंधरा नावं घेतली, वाचून झाल्यावर लगेच तिला 100 पासून तीन-तीन वजा करत अर्धा मिनिट उलटं मोजायला लावलं आणि मगच आठवायला सांगितलं. या वेळी शेवटचीही गेली, सुरुवातीची मात्र टिकली. शेवटची नावं अल्पकालीन स्मृतीत तरंगत होती, मोजणीने ती सांडली. पहिली आधीच आत जाऊन बसली होती. दोन वेगळ्या स्मृती मानायला हा एक चांगला आधार आहे, आणि असं हाताने केलेलं परीक्षेत विसरत नाही.

अल्पकालीन स्मृतीत किती मावतं? मिलरने 1956 साली सात, दोन इकडे-तिकडे असं मांडलं. नंतरच्या अभ्यासकांनी तो आकडा चारच्या आसपास आणला. गर्दीत "दोन फुल एक हाफ शिरवळ", "एक पाचवड", "तीन कात्रज" असं एकदम कानावर आलं की चौथ्या प्रवाशाला मी परत विचारतेच, त्यामुळे माझं मत चारच्या बाजूने. पण गठ्ठा केला की जास्त मावतं. "दोन फुल एक हाफ" हा माझ्यासाठी आता एकच गठ्ठा आहे, नवीन कंडक्टरला ते तीन तुकडे असतात.

जुनं नव्याच्या आड येतं त्याचं उदाहरण मार्च 2023 ने आयतं दिलं. महिलांना अर्धं तिकीट लागू झालं आणि पुढचे कित्येक दिवस माझ्या तोंडून बायकांना पूर्ण भाडंच निघायचं. मशीन बरोबर सांगायचं, जीभ चुकायची.

स्मृती म्हणजे कपाटात ठेवलेली फाइल नव्हे, हे कळायला लॉफ्टस आणि पामरचा 1974 चा प्रयोग नीट वाचा. सर्वांना अपघाताची तीच फिल्म दाखवली. "गाड्या एकमेकींवर आदळल्या तेव्हा वेग किती होता" असं जोरकस क्रियापद वापरून विचारलं तेव्हा सरासरी उत्तर ताशी 40.8 मैल आलं, "एकमेकींना लागल्या तेव्हा" असं विचारलं तेव्हा 31.8. शिवाय दुसऱ्या एका प्रयोगात आठवड्याने, फिल्ममध्ये नसलेली फुटलेली काच "आदळल्या" ऐकलेल्यांपैकी जास्त जणांना आठवली. एकदा आमच्या पुढेच दोन मोटारी घासल्या, मी गाडीत विचारत फिरले, "कशी धडकली हो?" आणि स्वारगेट येईपर्यंत घासाघासीचा भीषण अपघात झालेला. शब्द माझाच होता.

संशोधनपद्धतीचं प्रकरण कोरडं असतं, तरी पहिलं तेच वाचा, नाहीतर पुढचं सगळं हवेत राहतं. एवढं पक्कं करा: ज्या दिवशी गाडीत छत्र्या जास्त विसरल्या जातात त्या दिवशी गाडी उशिरा पोचते. हा सहसंबंध झाला. म्हणून छत्र्यांमुळे उशीर होतो असं नाही, दोन्हींच्या मागे पाऊस आहे. कारण ठरवायचं तर प्रयोग लागतो, म्हणजे एक गोष्ट आपण मुद्दाम बदलायची, दुसरी मोजायची आणि माणसं गटांत चिठ्ठ्या टाकून वाटायची.

वेदन आणि संवेदन यातला फरक स्टँडवर खिडकीशी बसून शिका. शेजारची गाडी मागे सरकते आणि आपलीच पुढे निघाली असं वाटून माणूस समोरचा दांडा पकडतो. डोळ्यांनी आणलेलं वेदन खरं होतं, मेंदूने लावलेला अर्थ, म्हणजे संवेदन, चुकला. इतिहास एका बसक्यात उरका: वुंट, लाइपझिग, 1879, पहिली प्रयोगशाळा. आपल्याकडे कोलकाता विद्यापीठात 1916 साली मानसशास्त्राचा विभाग. मेंदूचे भाग चित्र काढून करा, वाचून होत नाहीत. फ्रॉइड सर्वांना आवडतो, म्हणून लोक त्यातच महिना घालवतात. त्याला एक रविवार पुरे.

उजळणीसाठी मी तिकिटाच्या रोलचं उरलेलं टोक वापरते. एका बाजूला संज्ञा, मागे माझं उदाहरण. पुन्हा पुन्हा वाचायचं नाही, संज्ञा बघून उदाहरण मनातून काढायचं आणि मगच उलटायचं. रोडिगर आणि कार्पिकी यांनी 2006 साली हेच तपासलं. पाच मिनिटांनी विचारलं तर परत वाचणारे थोडे पुढे होते, आठवड्याने विचारलं तर स्वतःची परीक्षा घेणाऱ्यांना 56 टक्के आठवलं आणि परत वाचणाऱ्यांना 42. वाचताना "हे मला येतंय" असं वाटतं तेच फसवतं. मी रोज चिठ्ठ्या आनेवाडीच्या टोलनाक्याला काढते आणि कापूरहोळला ठेवते. चुकलेल्या वेगळ्या खिशात जातात, परतीच्या फेरीला आधी त्याच.

मराठी पुस्तकांत एकाच गोष्टीला दोन-तीन शब्द सापडतात, व्हेरिएबलला चल म्हणा की परिवर्त्य म्हणा. आपल्या पुस्तकातला धरा आणि चिठ्ठीवर इंग्रजी उच्चारही लिहून ठेवा, प्रश्नपत्रिकेत कुठला येईल ते आधी कळत नाही. उत्तरात व्याख्या, मूळ प्रयोग आणि आपलं उदाहरण एवढं यायला हवं, आणि जागा उरली तर आपलं न बसणारं उदाहरणही लिहा, का बसत नाही त्यासकट. मी डबल बेल लिहिली होती.