गाडीतलं एसओएस बटण खरंच कॉल लावतं का? खान्देशच्या रस्त्यांसाठी जोडणी आणि तपासणी

आरशाजवळ लाल बटण आहे म्हणजे आपली सोय झाली, असं समजणारे खूप. बटण फक्त एक टोक आहे. एअरबॅग, सिम, रिचार्ज, टॉवर आणि पलीकडे फोन उचलणारा माणूस, यातलं काहीही निखळलं की कॉल लागत नाही. नेमकं काय निखळलंय ते घरच्या अंगणात पंधरा मिनिटांत कळतं.

आधी आपल्या गाडीत काय आहे ते ओळखा

चार प्रकार आहेत. पहिला, गाडीत स्वतःचं सिम असलेली कंपनीची ‘कनेक्टेड’ यंत्रणा: ह्युंदाईची ब्लूलिंक, किया कनेक्ट, एमजीची आय-स्मार्ट वगैरे. दुसरा, गाडीत सिम नाही, पण ब्लूटूथने जोडलेल्या तुमच्याच फोनवरून गाडी कॉल लावते. २०१३ च्या फोर्ड इकोस्पोर्टमध्ये ही सोय होती आणि त्या गाड्या अजून रस्त्यावर आहेत. तिसरा, पिवळ्या पाटीच्या गाड्यांना लागणारं एआयएस-१४० (वाहनांसाठीचं सरकारी मानक) चं ट्रॅकिंग यंत्र आणि पॅनिक बटण. चौथा, बाजारातून बसवलेला साधा ब्लूटूथ स्टिरिओ.

चौथ्या प्रकारात आपोआप काहीही होत नाही. बाहेरून बसवलेल्या स्टिरिओला एअरबॅग उघडली की नाही हे कळतच नाही, कारण त्याची वायर एअरबॅगच्या कंट्रोल युनिटपर्यंत गेलेलीच नसते. दुकानदार काही का सांगेना, तो स्टिरिओ म्हणजे फक्त फोनचा स्पीकर.

यूट्यूबवरच्या युरोपातल्या गाड्या पाहूनही गैरसमज होतो. तिथे ३१ मार्च २०१८ पासून बाजारात येणाऱ्या नव्या मॉडेलच्या मोटारींना ई-कॉल, म्हणजे अपघातात गाडीने आपोआप लावायचा कॉल, सक्तीचा आहे आणि तो ११२ या आणीबाणीच्या क्रमांकावर जातो. आपल्याकडे खासगी मोटारीला अशी सक्ती नाही. इथलं लाल बटण बहुतेक गाड्यांत आधी कंपनीच्या कॉल सेंटरला लागतं आणि तिथला माणूस पुढे पोलीस किंवा ॲम्ब्युलन्सला कळवतो. मध्ये एक माणूस वाढला, हे लक्षात ठेवा.

आपोआप कॉल कधी लागत नाही

बहुतेक गाड्यांत आपोआप कॉलचा इशारा एअरबॅगच्या युनिटकडून येतो. एअरबॅग उघडली नाही, तर कॉल नाही. कापसाने भरलेल्या ट्रॉलीला बाजूने घासणं, मागून बसलेला दणका, रस्त्याकडेच्या चारीत हळूच कलंडणं, यात समोरची एअरबॅग उघडेलच असं नाही. आत माणूस जखमी असू शकतो आणि गाडीच्या लेखी काहीच झालेलं नसतं. अशा वेळी बटण हातानेच दाबायचं, आणि गाडीच्या पुस्तिकेत लिहिलंय तितके सेकंद धरून ठेवायचं. नुसतं टिचकीने दाबून सोडल्यावर काही गाड्या ते चुकून दाबलं गेलं असं धरतात.

कंपनीची यंत्रणा असेल तर

ॲप उघडा आणि तीन गोष्टी बघा: सेवेची मुदत, सिमची केवायसी आणि आणीबाणीच्या संपर्कात कुणाचे नंबर आहेत. अनेक कंपन्या पहिली काही वर्षं सेवा फुकट देतात, पुढे पैसे भरावे लागतात. न भरल्यास बटण तिथेच राहतं, दिवाही कधी लागतो, पण पलीकडे कुणी नसतं.

गाडी जुन्या बाजारातून घेतली असेल तर जास्त जपा. आरसीवर नाव तुमचं चढलं म्हणून ॲपमधलं खातं बदलत नाही. ते आधीच्या मालकाच्या नावावरच असेल तर गाडीचं ठिकाणही त्यालाच दिसतं आणि अपघाताचा निरोपही त्याच्याच घरी जातो. व्यवहाराच्या दिवशीच त्याच्यासमोर खातं काढून टाकायला लावा; पैसे दिल्यावर तो फोन उचलेलच असं नाही.

मग गाडी मोकळ्या जागी उभी करा, इंजिन चालू ठेवा आणि बटण दाबून बघा. कॉल सेंटरने उचलल्यावर लगेच ‘चाचणी आहे’ म्हणा आणि त्यांना तुमची जागा कुठे दिसते ते विचारा. चाचणीसाठी ११२ मात्र लावत बसू नका.

फोन आणि गाडीची जोडणी: सगळे इथेच अडकतात

ब्लूटूथ जोडलं, गाणं वाजलं, झालं काम! इथेच चूक होते. गाणं आणि कॉल या ब्लूटूथच्या दोन वेगळ्या वाटा आहेत. फोनच्या ब्लूटूथ यादीत गाडीच्या नावापुढचं सेटिंगचं चाकासारखं चिन्ह दाबा. ‘फोन कॉल’, ‘मीडिया ऑडिओ’ आणि ‘संपर्क’ अशा खुणा दिसतील. जोडताना घाईत ‘संपर्क वापरू द्यायचे का’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हटलेलं असतं, किंवा कॉलची खूण बंद राहिलेली असते. गाणी वर्षभर वाजतात म्हणून शंकाही येत नाही. तिन्ही खुणा चालू करा. तरी कॉल जात नसेल तर खुणांशी खेळत बसू नका. दोन्हीकडून जोडणी पुसा, आधी फोनमधून आणि मग गाडीतून, आणि पहिल्यापासून जोडा. एकाच बाजूने पुसलं तर जोडणीची जुनी किल्ली, म्हणजे कोड, दुसऱ्या बाजूला शिल्लक राहते आणि जोडणी अर्धवट होते.

याहून वाईट अडचण दोन सिमची. आपल्याकडे एक सिम नेटसाठी आणि दुसरं शेतावर रेंज येते म्हणून, अशी पद्धत. फोनच्या सिम सेटिंगमध्ये कॉलसाठी ‘दर वेळी विचारा’ निवडलेलं असतं. मग गाडीतून घरचा नंबर लावला की फोन स्वतःच्या पडद्यावर ‘कोणतं सिम?’ असा प्रश्न टाकून थांबतो. फोन सीटखाली पडलेला, माणूस बेल्टमध्ये अडकलेला, आणि स्टिरिओवर नुसतं ‘डायलिंग’. ११२ ला हा प्रश्न येत नाही. पण महामार्गाची मदतवाहिनी १०३३, घरचे नंबर, विमा कंपनी, सगळ्यांना येऊ शकतो. एक सिम कायमचं ठरवून टाका, आणि ते निवडताना नेट कुणाचं जोरात यापेक्षा तुमच्या नेहमीच्या रस्त्यावर आवाज कुणाचा पोचतो ते बघा.

तिसरी भानगड दोन फोनची. नवरा-बायकोचे दोन्ही फोन जोडलेले असले की बऱ्याच गाड्या आधी ओळखलेला फोन धरतात. तो डिकीतल्या पर्समध्ये असला तरी गाडीला चालतं. प्राधान्य कुणाला ते स्टिरिओत ठरवता येतं. चालवणाऱ्याचा फोन वर ठेवा.

आणि बॅटरी बचत. कंपनीचं ॲप आणि ११२ इंडिया ॲप या दोन्हींना बॅटरीच्या यादीत ‘निर्बंध नाही’ करा. नाहीतर फोन त्यांना गुपचूप झोपवतो.

शेवटी माइक. बाहेरून बसवलेल्या स्टिरिओचा माइक वायरिंगवाला बऱ्याचदा स्टिरिओमागेच कोंबून ठेवतो आणि काँक्रीटच्या रस्त्यावर तुमचा आवाज पलीकडे फक्त घरघर म्हणून जातो. तो स्टिअरिंगच्या वर, तोंडापासून हातभर अंतरावर बसवून घ्या. काचेशेजारच्या खांबावर ‘एसआरएस एअरबॅग’ असं लिहिलेलं असेल तर त्यावर माइक, वायर, क्लिप काहीही नको. पडदा-एअरबॅग तिथूनच फुटते आणि वर चिकटवलेली वस्तू गोळीसारखी सुटते.

फोनचं स्वतःचं बटण

१ जानेवारी २०१७ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या मोबाइलमध्ये पॅनिक बटण असणं नियमाने आलं. साध्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरायचा, स्मार्टफोनवर पॉवर बटण पटापट तीनदा. नव्या अँड्रॉइडमध्ये बहुधा पाचदा असतं. सेटिंगमध्ये ‘सुरक्षा आणि आणीबाणी’खाली एकदा बघून घ्या. आयफोन १४ पासून पुढे जोराचा अपघात फोन स्वतः ओळखतो आणि तुम्ही थांबवलं नाही तर कॉल लावतो. लॉक पडद्यावर रक्तगट आणि दोन नंबर टाका.

काळी-पिवळी, स्कूल बस आणि टॅक्सीवाल्यांसाठी

१ जानेवारी २०१९ पासून नोंदणी झालेल्या पिवळ्या पाटीच्या प्रवासी वाहनांना एआयएस-१४० यंत्र सक्तीचं आहे. रिक्षा, ई-रिक्षा, दुचाकी वगळून. यंत्रात स्वतःची बॅटरी असते आणि गाडीची बॅटरी तुटली तरी ती किमान चार तास चालायला हवी. बिघाड बहुधा तीनच: वर्षाचा रिचार्ज संपलेला, अर्थिंगची वायर गंजलेल्या बोल्टवर आवळलेली, किंवा पॅनिक बटण नव्या सीट कव्हरखाली शिवून टाकलेलं. पासिंगच्या आधी कव्हर कापून बटण बाहेर काढण्यापेक्षा कव्हर शिवतानाच भोक ठेवायला सांगा.

एआयएसच्या नावाखाली स्वस्तातला ट्रॅकर घेऊ नका. त्यातले कितीतरी फक्त टूजीवर चालतात आणि त्यात जिओचं सिम टाकून लोक ‘यंत्र खराब निघालं’ म्हणतात. जिओकडे टूजी नाहीच.

घाटातली रेंज

जीपीएस उपग्रहावरून चालतं, कॉल टॉवरवरून. नकाशावर निळा ठिपका दिसतो म्हणून कॉल लागेल असं नाही. कन्नड घाट, कोंडाईबारी, आणि सातपुड्यात तोरणमाळ, धडगाव, मोलगीकडची वळणं, इथे रेंज येते-जाते. गाडीतलं सिम एकाच कंपनीचं असेल तर तिथे बटणावर विसंबू नका. फोनवर ‘फक्त आणीबाणी कॉल’ दिसत असेल तरी ११२ लावून बघा, दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून जाऊ शकतो. रेंजची एकच दांडी असेल तर कॉलपेक्षा साधा एसएमएस लवकर सुटतो. व्हॉट्सॲपच्या घड्याळाकडे बघत बसू नका. घाट चढण्याआधी घरी वेळ कळवून ठेवा.

कॉल लागला, आता जागा सांगा

११२ चा कॉल तुमच्या ओळखीच्या ठाण्यात पडत नाही, राज्याच्या नियंत्रण केंद्रात जातो. तिथल्या माणसाला ‘फागण्याच्या पुढे, ढाब्याजवळ’ कळत नाही. घाबरलेला माणूस अहिराणीत ‘पुलना जोडे’ (पुलाजवळ) म्हणतो आणि पलीकडचा विचारतो, कोणता पूल? क्रम असा ठेवा: राज्य, जिल्हा, तालुका, महामार्ग, तोंड कुठल्या गावाकडे, शेवटी किलोमीटरच्या दगडावरचा आकडा.

राज्य आधी सांगायचं कारण आहे. पळासनेरजवळ मध्य प्रदेशचा आणि नवापूरजवळ गुजरातचा टॉवर कॉल ओढू शकतो, मग समोरचा हिंदीत किंवा गुजरातीत बोलतो. घाबरून फोन ठेवू नका, ‘महाराष्ट्र, शिरपूर तालुका’ म्हणा. तालुका सांगायचा कारण पिंपळगाव एक नाही; पाचोऱ्याकडे पिंपळगाव हरेश्वर, नाशिककडे पिंपळगाव बसवंत.

महामार्गाचा क्रमांक नवा सांगा. सुरत-धुळे-जळगाव रस्ता आता ५३ आहे. लोक अजून ‘सहा नंबर’ म्हणतात, आणि नव्या यादीतला ६ मेघालय-मिझोरामकडे आहे. शिरपूर-धुळे-चाळीसगाव-कन्नड हा ५२. ‘आग्रा रोड’ फक्त आपल्याला कळतो. चौपदरी रस्त्यावर ‘धुळ्याकडून जळगावकडे जाणारी बाजू’ असं सांगितलं नाही तर ॲम्ब्युलन्स दुभाजकापलीकडून निघून जाते आणि पुढच्या कटवरून वळून येते.

गाडीच्या ब्लूटूथवर कॉल चालू असताना चावी बंद केली की आवाज फोनवर जातो. फोन हाताशी असेल तरच चावी फिरवा. पेट्रोलचा वास येत असेल तर हे सगळं सोडा, आधी बाहेर पडा. वाटेत थांबून दुसऱ्यासाठी फोन करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १३४-अ कलम आलं आहे, तेव्हा नाव सांगायच्या भीतीने पुढे जाऊ नका.

मे महिन्यात फोन कुठे ठेवायचा

भुसावळ-जळगावच्या उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड चटका बसेल इतका तापतो. काचेवरच्या स्टँडला लावलेला फोन चार्जिंग थांबवतो, पडदा मंद करतो, शेवटी बंद पडतो. आणि धडकेत तोच आधी उडून मागच्या सीटवर जातो. गिअरजवळच्या झाकणाच्या कप्प्यात ठेवा, झाकण बंद, वायर बाहेर. नकाशा बघायचाच असेल तर एसीच्या जाळीवरची क्लिप घ्या. थंड हवा लागते.