उद्या मुलांना वजन शिकवायचंय? मग आज एवढं करून ठेवा

पहिलं काम कंटाळवाणं आहे पण तेच सगळ्यात महत्त्वाचं. मुलांसमोर जे जे ठेवणार ते सगळं आदल्या दिवशी स्वतः काट्यावर ठेवून बघा. पाकिटावर छापलेल्या आकड्यावर जाऊ नका, तो आतल्या मालाचा असतो आणि काट्यावर येतं ते डब्यासकट, मग पोरं विचारतात "हे जास्त का दाखवतंय?" आणि आपण गडबडतो.

वस्तू गोळा करताना घरभर फिरून काहीही उचलू नका, जोड्या शोधा. "मोठं ते जड" हे मुलांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं, ते हलवायचं तर फुगवलेला फुगा आणि मुठीत मावणारा दगड, थर्माकोलचा ठोकळा आणि एखादं छोटं कुलूप असं काहीतरी हवं. पण इथे मी एकदा फसलेय, सगळ्याच जोड्या अशा ठेवल्या आणि शेवटी पोरांनी "लहान ते जड" असा नवाच नियम काढला! तेव्हापासून एक जोडी सरळ ठेवते, म्हणजे मोठं तेच जड, आणि एक सारख्या वजनाची, १०० ग्रॅम कापूस मोकळा करून आणि १०० ग्रॅम वाळू. तो कापसाचा ढीग बघून एकही मूल "सारखं" म्हणत नाही. दोन एकसारख्या, आतलं न दिसणाऱ्या कापडी पिशव्याही काढून ठेवा, वस्तू त्यात घालून बोटांना लटकवल्या की डोळ्यांची लुडबुड थांबते आणि हाताला खरं कळतं.

हात झाले की तागडी. विकतची नसेल तर हँगर, दोन कागदी कप आणि दोरा, झालं काम. दोरे सारख्या लांबीचे कापा आणि कप अडकवल्यावर रिकामं लटकवून बघा, एक बाजू थोडी तरी खाली जातेच. वरच्या बाजूला चिकणमातीची चिमूट लावत लावत आडवं सरळ करा. खरं तर हे मुलांसमोरच करा, रिकामी तागडी आधी सरळ हवी हे सांगून कळत नाही, बघून लगेच कळतं. सुरुवातीला मणी, ठोकळे यांनीच मोजू द्या, कुणाचा डबा ७ ठोकळ्यांचा तर कुणाचा तोच डबा १२ मण्यांचा आला की भांडण होणार, होऊ द्या, ग्रॅम कशाला लागतो ते तिथेच समजतं.

मग वजनं. १, २, २, ५ ग्रॅम असा संच असेल तर त्यातून १ ते १० सगळे आकडे जमतात आणि मुलांना तो खेळच वाटतो, पुढे ५०० + २०० + २०० + १०० करून किलो जमवायला लावा. संच नसेल तर कागद! ८० जीएसएमचा ए४ कागद ५ ग्रॅमचा असतो (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचे ग्रॅम, आणि असे १६ कागद जोडले की एक चौरस मीटर होतो, म्हणून), म्हणजे २० कागद १०० ग्रॅम आणि २०० कागद एक किलो. पुड्यावर ८० लिहिलंय ना ते तेवढं बघून घ्या.

हाताला किलो माहीत व्हावा म्हणून बरोब्बर किलोभर वाळूची एक पिशवी दिवसभर वर्गात फिरती ठेवा. १ लिटर पाणी साधारण १ किलो हेही दाखवता येतं, फक्त रिकाम्या बाटलीचं वजन आधी करून ठेवा. थोडी मोठी मुलं असतील तर एक गंमत, २०१९ पर्यंत जगाचा किलो ज्यावरून ठरायचा तो पॅरिसजवळ ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा दंडगोल फक्त ३९ मिलिमीटर उंच आणि तेवढाच रुंद आहे. त्याच मापाचा मातीचा गोळा वळून काट्यावर ठेवा, शंभर ग्रॅमही भरत नाही.

काटे दोन्ही ठेवा, पण डिजिटल शेवटी काढा, नाहीतर पोरं नुसता आकडा वाचून मोकळी. गोल डायलवाल्या काट्यावर ० ते १०० मध्ये किती घरं आहेत ते आज मोजा. ५ घरं असली तर एक घर २० ग्रॅमचं, मुलं हमखास १० धरतात. आणि "१ किलो ५० ग्रॅम म्हणजे किती ग्रॅम" याला १५० आणि १५०० दोन्ही उत्तरं येणार, तेव्हा १०००ची चिठ्ठी आणि ५०ची चिठ्ठी तयार असू द्या. वस्तुमान हा शब्द लहानांना नको, वजनच म्हणा, कुणी चंद्रावरच्या वजनाचं काढलं तर सांगा की तागडी तिथेही तेच दाखवेल, स्प्रिंगचा काटा मात्र साधारण सहावा हिस्सा.

राहिला कागद. वस्तू, अंदाज, काटा असे तीन रकाने पुरे. अंदाज पेनने लिहायला लावा आणि खोडरबर आधीच गोळा करून आपल्या टेबलावर ठेवा, कारण काटा बघितल्यावर सगळ्यांचे अंदाज अचानक बरोबर यायला लागतात. जास्तीचे सेल आणि पाणी पुसायला एक फडकंही घ्या.