घरच्यांसोबत व्हिडिओ शूटला जाताय? मग आधी हे वाचा

आम्ही चौघं, म्हणजे मी, नवरा, सात वर्षांची लेक आणि सासूबाई, एका छोट्या व्हिडिओत होतो. व्हिडिओ तीन मिनिटांचा आणि शूट सकाळपासून अंधार पडेपर्यंत! तर पहिली गोष्ट, शूट म्हणजे नुसतं थांबणं असतं. लाइट लावा, हलवा, परत लावा. मुलांसाठी खाऊ, चित्रकलेची वही असलं काहीतरी न्याच, आणि मुलांचे सीन आधी घ्या असं आदल्या दिवशीच सांगून ठेवा, आम्ही नाही सांगितलं आणि लेकीचा नंबर येईपर्यंत ती पेंगायला लागली होती.

कपडे. बारीक रेघा किंवा बारीक चौकडी नको, कॅमेऱ्यात त्या लाटांसारख्या हलताना दिसतात. पांढरंशुभ्र नको, मोठ्या लोगोचा टीशर्ट नको, आणि मागे हिरवा पडदा असेल तर हिरवं अजिबातच नको, पडद्याबरोबर तुमचं पोटपण गायब होतं. दोन जोड जास्तीचे न्या.

कॉलर माइकला सगळं ऐकू येतं हो. सासूबाईंच्या बांगड्या, कापडाची सळसळ, सगळं. आणि टेक, म्हणजे एका वेळचं शूटिंग, संपल्यावरही माइक चालूच असतो! नवऱ्याने कोपऱ्यात येऊन माझ्या कानात डिरेक्टरबद्दल काहीतरी पुटपुटलं आणि पलीकडे हेडफोन लावलेला साउंडवाला फिसकन हसला. बाथरूमला जाताना तर माइक बंद करून घ्याच.

आता खरी डोकेदुखी, रिपीट. एकच गोष्ट आधी लांबून घेतात, मग जवळून, मग दुसऱ्या बाजूने, आणि हे सगळं नंतर जोडायचं असतं, म्हणून पहिल्या वेळी कप उजव्या हातात होता तर प्रत्येक वेळी उजव्याच हातात आणि त्याच शब्दाला उचलायचा. मी मध्येच केस कानामागे घेतले तर अख्खा सीन परत. चुकलात तर स्वतःहून थांबू नका, कट म्हणेपर्यंत चालू ठेवा. लेन्सकडे बघायचं की नाही तेही विचारून घ्या, लहान मुलं हमखास तिकडेच बघतात.

शूट तुमच्याच घरी असेल तर फ्रिज, पंखे बंद करायला लावतात, घरघर रेकॉर्ड होते म्हणून. फ्रिज बंद केलात की घराची किंवा गाडीची किल्ली आतच ठेवा, म्हणजे निघताना फ्रिज चालू करायचं विसरणार नाही. शेवटी खोलीचा नुसता आवाज घ्यायला अर्धा मिनिट सगळ्यांना गप्प बसवतात, आमच्याकडे दोनदा घ्यावा लागला कारण सासूबाईंनाच हसू आवरेना.

संमतीपत्र मात्र मेकअप झाल्यावर घाईत सही करायचा कागद नाही. आदल्या दिवशी मागवून घ्या. व्हिडिओ कुठे कुठे वापरणार, किती दिवस, दुसऱ्या कोणाला देणार का, हे त्यात बघा, मुलांसाठी आईबाबांनी सही करायची असते आणि नको वाटलं तर तेव्हाच नाही म्हणा, कारण नंतर काढून टाका म्हणणं फार अवघड जातं. सही केलेल्या पानाचा फोटो काढून ठेवा. आणि हो, तयार व्हिडिओची कॉपी कधी देणार ती तारीख त्याच कागदावर लिहून घ्या. आम्हाला तोंडी "पाठवतो ना" म्हणाले होते, दोन महिने फोन करत होते मी.