मृगाआधी बनवून घ्या मिनी ट्रॅक्टरचे कोळपे

सोयाबीनची पेरणी झाली की पंधरा-वीस दिवसांत पहिली कोळपणी, म्हणजे ओळींमधले तण काढणे, लागते. त्या आठवड्यात बैलजोडी मिळत नाही, मजूर मिळत नाही आणि वेल्डिंगच्या दुकानात नंबर लागत नाही. मिनी ट्रॅक्टरला कोळपे बनवून घ्यायचे असेल तर ते काम मे महिन्यातच उरका. गावातल्या चांगल्या फॅब्रिकेटरच्या हातचे कोळपे तुमच्या पेरणीच्या अंतराला बेतून होते, आणि तोच त्याचा खरा फायदा आहे.

लोखंड आणण्याआधी टेप घेऊन ट्रॅक्टरच्या मागे उभे राहा. मागच्या दोन टायरांचे मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर मोजा. सोयाबीन 45 सेंमीवर पेरणार असाल तर हे अंतर 90 सेंमी हवे. तेव्हाच दोन्ही टायर ओळींच्या बरोबर मधून चालतात आणि दोन ओळी ट्रॅक्टरच्या पोटाखाली राहतात. 8 इंची टायर असेल तर दोन्ही बाजूंना जेमतेम 12 सेंमी जागा उरते, त्यामुळे चार बोटांची चूकही झाडांवर जाते. बऱ्याच मिनी ट्रॅक्टरांत चाके उलटसुलट बसवून हे अंतर बदलता येते. ते पेरणीआधी करा. ओळी उगवून आल्यावर माप बदलून काही हाती लागत नाही.

पेरणीयंत्र चार फणांचे असेल तर कोळपेही त्याच चार ओळींचे करा. मधल्या तीन पट्ट्यांत पूर्ण पास (तण कापणारे आडवे पाते) आणि दोन्ही कडांना अर्धी-अर्धी. एका फेरीची शेवटची ओळ आणि दुसऱ्या फेरीची पहिली ओळ यांतले अंतर कधीच सारखे राहत नाही. तिथे पूर्ण पास घातली की पीक कापले गेलेच म्हणून समजा. मधल्या पट्ट्यांतही ओळीपासून 7-8 सेंमी सोडायचे, म्हणजे पास साधारण 30 सेंमीची.

मुख्य दांड्याला गोल पाईप घेऊ नका, त्यावर क्लॅम्प फिरतात. 50 बाय 50 मिमीचा, 5-6 मिमी जाडीचा चौकोनी पाईप चांगला. फणाचे दांडे त्याला वेल्ड करू नका, यू-बोल्टने आवळा. पुढच्या हंगामात तूर किंवा कपाशीसाठी तेच कोळपे सरकवून वापरता येईल. टायरमागच्या दोन पासांच्या पुढे एकेक अरुंद फण द्या. टायरने दाबलेली काळी माती नुसती पास उचलत नाही, वरून घसरते.

पासेसाठी ट्रकचे जुने कमानपाटे वापरतात, आणि ते टिकतातही. पण कमानपाट्यात कार्बन जास्त असतो. साध्या रॉडने वेल्ड केला की जोडाशेजारी बारीक चीर पडते आणि पास भर कामात तुटते. त्यामुळे पास बोल्टनेच जोडा. धार गेली की काढून लोहाराकडे नेतानाही सोपे पडते.

जोडणीची मापे चुकली तर बाकी सगळे वाया. कॅटेगरी-1 च्या (मागच्या तीन टोकांच्या जोडणीचे ठरलेले माप) ट्रॅक्टरला खालच्या दोन पिना 22 मिमीच्या आणि टॉप लिंकची, म्हणजे वरच्या मधल्या दांड्याची, 19 मिमीची असते. खालच्या दोन टोकांतले अंतर सुमारे 68 सेंमी. अगदी छोट्या ट्रॅक्टरांना कॅटेगरी-1 एन, म्हणजे 40 सेंमी अंतर असू शकते, म्हणून स्वतःचा ट्रॅक्टर मोजूनच सांगा. पिनेऐवजी आट्याचा बोल्ट घालू नका. आटे भोक खातात आणि काही दिवसांत कोळपे डुलायला लागते. प्रत्येक पिनेला लिंच पिन (पिन निसटू न देणारी कडीची खीळ) हवीच.

वेल्डिंग कोळपे ट्रॅक्टरवरून उतरवूनच करा. जोडलेले असताना करंट बेअरिंगांतून आणि अल्टरनेटरमधून जाऊ शकतो. ट्रॅक्टरच्या लिफ्ट आर्मला भोक पाडणे किंवा तुकडा वेल्ड करणे तर अजिबात नको.

आता कळकळीची एक गोष्ट. कोळपे, वखर, सरीचे अवजार, फळी, पुढच्या वजनाची चौकट, हे सगळे गावात बनवा. पीटीओवर, म्हणजे इंजिनच्या जोरावर फिरणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागच्या दांड्यावर, चालणारे काहीही बनवू नका. तो दांडा मिनिटाला 540 फेरे फिरतो. उपरण्याचे किंवा साडीचे टोक अडकले तर ओढून सोडवायला वेळ मिळत नाही. रोटाव्हेटर आणि पीटीओ शाफ्ट कंपनीचेच घ्या, आणि शाफ्टवरचे कव्हर अडचण होते म्हणून काढू नका. अवजारावर माणूस बसवायची सीट किंवा पाटही जोडू नका. कोळपे खोल जावे म्हणून मुलाला वर उभे करतात, ते थांबवा. वजन हवे तर दगड बांधा.

पहिली चाचणी मोकळ्या रानात, वाफशावर घ्या. कोळपे पूर्ण उचलून पुढची चाके हलकी होतात का पाहा. स्टिअरिंग सैल वाटले तर पुढे वजन वाढवा, चढावर ट्रॅक्टर मागे उलटण्याचा धोका तिथेच असतो. मग थोडे अंतर चालवून खाली उतरा आणि माती उकरून बघा: सगळ्या पासा सारख्या, 3 ते 5 सेंमी खोल गेल्या पाहिजेत. मागची खोल जात असेल तर टॉप लिंक थोडी आखूड करा. एकच बाजू खोल जात असेल तर त्या बाजूच्या लिफ्ट रॉडची लांबी जुळवा.

खर्चाचा हिशेब करताना हेही धरा: महाडीबीटीवरचे (राज्य सरकारच्या योजनांचे पोर्टल) अनुदान चाचणी झालेल्या अवजारांना असते, गावात बनवलेल्याला नाही. बिल घेतले तर जाडी आणि साहित्य त्यावर लिहून घ्या.