नारळ खवला आणि पावलं वाढली!

सकाळी गुहागरच्या किनाऱ्यावर फिरून आलं की मनगटावरचा फिटनेस बँड पावलांचा एक आकडा दाखवतो, खिशातला मोबाईल दुसराच. खरं तर पावलं दोघांनाही दिसत नाहीत. आतला अ‍ॅक्सेलरोमीटर हालचालीची लय टिपतो आणि त्यावरून अंदाज बांधतो. बँडला कळतो हाताचा झोका. म्हणून विळीवर नारळ खवताना बसल्या जागी पावलं चढू शकतात, आणि बाजारातून दोन्ही हातांत जड पिशव्या घेऊन आलात तर चाललेलीही बुडतात! मोबाईल पँटच्या खिशात असेल तर ही अडचण नाही. पण घरात तो फळीवर पडलेला असतो, मग माजघर ते परसदार फेऱ्या कोण मोजणार?

पडताळा असा घ्या. ओहोटीच्या वेळी ओल्या, घट्ट वाळूवर तोंडाने मोजत 200 पावलं चाला. आधीचे-नंतरचे आकडे टिपा. मोबाईलचा आकडा कधी उशिरा बदलतो, तेव्हा जरा थांबून बघा. पाच-दहाचा फरक सोडून द्या. जास्त असेल तर बँड कोणत्या हातात बांधलाय ते सेटिंगमध्ये बरोबर भरलंय का तपासा. शक्यतो कमी वापराच्या हातातच बांधा.